साउंडच्या मिक्सरवर मिडला (मधल्या फ्रिक्वेन्सींना) दोन नॉब आहेत, दुकानदार त्याला 'पॅरामेट्रिक इक्वलायझर' (आवाजातला हवा तो भाग निवडून कमी-जास्त करणारी सोय) म्हणतोय. खरं आहे का?

नाही. एका नॉबने फ्रिक्वेन्सी सरकते, दुसऱ्याने तिथला आवाज कमी-जास्त होतो. हा सेमी-पॅरामेट्रिक झाला. काम चांगलं देतो, पण पॅरामेट्रिकच्या नावाखाली जादा पैसे मोजू नका.

खऱ्या पॅरामेट्रिकला तिसरा नॉब लागतो तो 'क्यू'चा. निवडलेल्या फ्रिक्वेन्सीच्या आजूबाजूचा किती पट्टा सोबत हलेल, हे तो ठरवतो. क्यू जास्त, पट्टा अरुंद.

हे किती महत्त्वाचं आहे ते प्रत्यक्ष कामात कळतं. मी सोलापुरात कार्यक्रमांचा साउंड करतो. होम मैदानावर उघड्यावर त्रास कमी, पण पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात निवेदक माईक घेऊन स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजलीच. समजा ती २८०० हर्ट्झला आहे. ३१ बँडच्या ग्राफिक इक्वलायझरवर (ठरलेल्या फ्रिक्वेन्सींना एकेक सरकपट्टी असलेला) २५०० आणि ३१५० च्या सरकपट्ट्या असतात, मधे काही नाही. मग दोन्ही खाली ओढाव्या लागतात. सेमी-पॅरामेट्रिकवर नेमकं २८०० गाठता येतं, पण तिथला क्यू कारखान्यातच ठरलेला. तो १ च्या आसपास असेल तर साधारण १७०० ते ४५०० पर्यंतचा सगळा भाग दबतो. बोलण्यातले च, ट, श याच भागात उठून येतात, त्यामुळे शिट्टी जाते आणि मागच्या रांगेतल्या पाहुण्यांना शब्दही कळेनासे होतात. क्यू ८ ठेवला तर जेमतेम ३५० हर्ट्झचा पट्टा कापला जातो. शिट्टी थांबते, आवाज तसाच राहतो.

तरी तीन नॉब दिसले म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. अमेरिकन साउंड इंजिनिअर जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे पॅरामेट्रिक इक्वलायझरवर पेपर मांडला, त्यात कळीची गोष्ट होती ती तिन्ही कंट्रोल एकमेकांपासून स्वतंत्र असण्याची. साध्या ॲनालॉग सर्किटमध्ये एक नॉब फिरवला की दुसऱ्याचं गणित बिघडतं. काही इक्वलायझरमध्ये गेन (आवाज कमी-जास्त करण्याचं प्रमाण) वाढवला की पट्टा आपोआप अरुंद होतो. गाण्याला ते कानाला गोडही लागतं, पण माझ्या मते त्याला खरा पॅरामेट्रिक म्हणू नये.

तुमचं काम मुख्यतः भाषणं आणि लग्नांचं असेल तर डिजिटल मिक्सर बघा. आजकाल बहुतेकांत प्रत्येक चॅनेलला क्यूसकट पॅरामेट्रिक असतो. घेण्याआधी दुकानात माईक लावून क्यू फिरवून बघा. पट्टा अरुंद-रुंद होताना स्क्रीनवर दिसतो.