समुद्राच्या खडकावरचे पांढरे-केशरी डाग शेवाळ असतात का, आणि मोबाईलच्या फोटोवरून नाव कळतं का?

नुसतं शेवाळ नव्हे हो, ते लायकेन, म्हणजे बुरशी आणि शेवाळ (शैवाल) यांचा एकत्र संसार. आपल्या मसाल्यातलं दगडफूल त्याच खानदानातलं. लाटा रोज आपटतात तिथलं हिरवं बुळबुळीत मात्र शैवालच, लायकेन बघायचं तर भरतीच्या रेषेच्या वर, जिथं नुसते तुषार येतात तिथं.

आम्ही बेळगावहून आंबोली उतरून वेंगुर्ल्याला गेलो की माझा अर्धा दिवस खडकावर पालथं पडण्यात जातोय, घरचे वैतागतात ते वेगळंच. फोटो ढगाळ उजेडात किंवा छत्रीच्या सावलीत काढा, फ्लॅश बंद, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतोय. एक फोटो सुका, मग बाटलीतलं गोडं पाणी शिंपडून दुसरा, कारण ओलं झालं की राखाडी डाग बघता बघता हिरवट होतोय. आणि कडा जवळून घ्या की, दगडाला रंगासारखी चिकटलीय का पापुद्र्यासारखी सुटतेय, वर एखाद-दीड मिलिमीटरच्या बश्या दिसतात का, ओळख त्यावरच असते. दहापट भिंग लेन्सपुढं धरलं तर झकास.

पण खरं सांगू, फोटोवरून फारतर वंश (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) कळेल, नेमक्या जातीसाठी बऱ्याचदा रसायन लागतं. केशरीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बहुतेकदा जांभळट-लाल होतंय. ॲपनं सांगितलेलं नाव लगेच खरं मानू नका, आणि खरवडून घरी तर अजिबात आणू नका, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतंय बिचारं. सराव करायचा तर आधी आमच्या बेळगावजवळच्या राजहंसगडाचे दगड आहेतच की.