तीन आठवडे आराम केला, तरी गुडघा तसाच!

प्रश्न : मी 22 वर्षांची आहे, व्हॉलीबॉल खेळते. चार महिने झाले, उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या बरोबर खाली दुखतंय. वॉर्मअप झाला की कमी होतं पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जाम ठणकतं. तीन आठवडे खेळ बंद ठेवला, बरं वाटलं, आणि पहिल्याच प्रॅक्टिसला पुन्हा तेच. एमआरआय करू का? की सरळ इंजेक्शन घेऊन टाकू?

उत्तर : तुम्ही सांगताय त्यावरून तरी हे जंपर्स नी वाटतंय, म्हणजे पटेलर टेंडनचं, गुडघ्याच्या वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्याचं दुखणं. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते का बघा, वाटीच्या खालच्या टोकाला. उतरत्या फळीवर एका पायाने स्क्वॉट केला आणि तिथेच कळ आली तर शंका आणखी बळावते. वाटीच्या भोवती सगळीकडेच, बराच वेळ बसूनही दुखत असेल तर प्रकरण वेगळं. तेव्हा एकदा फिजिओकडून तपासून घ्याच. एमआरआयची घाई नको, कारण काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंच्या टेंडनमध्येही त्यात बिघाड दिसतो, आणि रिपोर्ट वाचून माणूस उगाच घाबरतो.

आता आराम का फसला ते बघा. उडी बंद केली की कळ थांबते, पण टेंडनची ताकद वाढत नाही, उलट घटते, आणि मग पहिल्याच दिवशी पूर्ण भार टाकला की ते कुरकुरणारच! याला औषध म्हणजे भारच, फक्त मापात. सुरुवातीला जिममधल्या लेग एक्स्टेंशन मशीनवर (बसून पायाने वजन वर उचलायचं ते) गुडघा साधारण 60 अंशात ठेवून वजन 45 सेकंद नुसतं धरून ठेवायचं, असं पाचदा, मध्ये दीड-दोन मिनिटं थांबून. ते जमलं की आठवड्यातून तीनदा जड वजनाचे स्क्वॉट आणि लेग प्रेस (मशीनवर पायांनी वजन ढकलणं), अगदी संथ, तीन सेकंद खाली तीन सेकंद वर. किमान 12 आठवडे धरून चाला. कंटाळवाणं आहे हो, बहुतेक जण सहाव्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून सोडतात आणि परत येतात.

व्यायाम करताना दुखण्याला दहापैकी तीनपर्यंत गुण द्यावेसे वाटले (दहा म्हणजे असह्य) तरी चालेल, दुसऱ्या दिवशी जास्त ठणकलं तर वजन कमी करा.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं, पुढे मात्र त्रास जास्त होऊ शकतो आणि टेंडन कमकुवत होऊन तुटायची भीती असते, म्हणून माझं मत स्पष्ट आहे: इंजेक्शन नको. उड्या सगळ्यात शेवटी, आधी दोन पायांवर, मग एका. गुडघा सुजला, अडकला किंवा उडी मारताना फट्‌कन आवाज येऊन पाय सरळच करता येईना तर मात्र थांबू नका, लगेच ऑर्थोपेडिककडे जा.