टीएसएच (थायरॉइडच्या रक्त तपासणीतला आकडा, थायरॉइड मंदावलं की तो वाढतो) ३.४ आहे, रिपोर्ट नॉर्मल. तरी हृदयविकाराचा धोका वाढतो का?

नुसत्या या आकड्यावरून तरी नाही. नॉर्वेतल्या ‘हंट’ पाहणीत (२००८) टीएसएच नॉर्मलच असलेल्या, पण वरच्या टोकाकडे झुकलेल्या स्त्रियांत हृदयविकाराने मृत्यू जास्त दिसले होते. पुरुषांत तसं ठळक दिसलं नाही. पुढे २०१५ मध्ये १४ अभ्यासांतल्या ५५ हजारांवर लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा हा संबंध टिकला नाही. माझा कल या दुसऱ्या निष्कर्षाकडे. टीएसएच १० च्या पुढे गेला तर गोष्ट वेगळी: थायरॉइड मंदावलं की यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, कमी उचलतं, कोलेस्टेरॉल चढतं.

उलट बाजू फारसं कुणी सांगत नाही. फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन, नॉर्मलच्या वरच्या टोकाला असेल, तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं, जास्त आढळतं. त्यामुळे ३.४ चा १.५ करायचा म्हणून स्वतःच्या मनाने थायरॉक्सिनची, म्हणजे याच टी-४ हार्मोनची, गोळी सुरू करू नका.

आणि हो, केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असाल तर लॅबला आधी सांगा, काही मशिनवर टीएसएच त्याने खोटा कमी येतो. तपासायचंच असेल तर बीपी, साखर आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) बघा.