लंबक आणि पायथन एकाच तासाला घेणार असाल तर

लंबकावरून g, म्हणजे गुरुत्वत्वरण, काढायचं आणि त्याची आकडेमोड पायथन या संगणकभाषेत करायची. आधी मोजमाप, मग संगणक. उलट केलंत तर मुलं पडद्यालाच चिकटून बसतात.

दोऱ्याच्या 40, 60, 80 आणि 100 सेंमी अशा चार लांबी पुरेत. झोका 10 अंशांच्या आत ठेवा. एकच दोलन मोजू देऊ नका: 1 मीटरला दोलनकाल साधारण 2 सेकंद, त्यात स्टॉपवॉच दाबताना बोटाची चूक 0.2 सेकंद, म्हणजे थेट 10 टक्के. 20 दोलनं मोजली की तीच चूक अर्ध्या टक्क्यावर येते.

हमखास होणारी गफलत म्हणजे गोळा सोडतानाच ‘एक’ म्हणणं. ‘शून्य’ म्हणायला लावा. नाहीतर 19 दोलनांना 20 ने भागलं जातं आणि g 10.9 च्या आसपास येतो. लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा आलेख मात्र सरळ रेषेतच दिसतो, त्यामुळे चूक लपते. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न घेता वरच्या टोकापर्यंत घेतली, तर उतार बरोबर येतो पण रेषा आरंभबिंदूतून जात नाही. ही चूक मी तर एका गटाला मुद्दाम करू देईन. चर्चेला याहून चांगला मसाला नाही.

पायथनमध्ये दोनच ठिकाणी अडतं. इनपुटमधून आलेली संख्या ही अक्षरमाळा असते, फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) बदलल्याशिवाय भागाकार होत नाही. आणि संख्येचा वर्ग करायला मुलं ^ लिहितात. 5^2 चं उत्तर 7 येतं. लगेच उत्तर सांगू नका,  शोधू द्या. g 980 आला तर सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिलेत.