‘कसं वाटलं?’ असं विचारू नका

छंद म्हणून उशिरा ब्रश हाती घेतलेली माणसं एक तक्रार हमखास करतात: “मोबाइलवरच्या चित्रकारांच्या ग्रुपात गेलो आणि हातच थांबला.” त्यांतल्याच, माझ्याकडं समुपदेशनाला आलेल्या एका ताईंची ही हकिकत, ओळखीचे तपशील बदलून.

पतसंस्थेत नोकरी, वय पंचेचाळीस, जलरंग सुरू करून सहा महिने. रोज रात्री ग्रुपवरची चित्रं बघायची. स्वतः महिनाभर कागदाला पाणी लावलेलं नाही.

“एकदाही चित्र टाकलं नाहीत?”

“टाकलं की. रंकाळा तलावातल्या दगडी संध्यामठाचं. खाली लिहिलं, कसं वाटलं? बावीस अंगठे आले, चौघं ‘छान’ म्हणाले. म्हणजे वाईटच असणार, न्हवं का?”

पुढच्या वेळी चित्रच आणायला सांगितलं. “कुठं खटकतंय? बोट ठेवा.” बऱ्याच वेळानं बोट मठाखालच्या पाण्यावर आलं. “हे प्रतिबिंब पाण्यात नाही, वर चिकटवल्यागत दिसतंय.”

“मग हेच का नाही विचारलंत?”

त्या गप्प झाल्या, मग हसल्या. “मी चित्राचं कुठं विचारलं? मला जमतंय का, ते विचारलं.”

इथवर यायला चार भेटी लागल्या. वाक्य त्यांचं, पण बोट ठेवायला लावलं मी, एवढं श्रेय घेतेच. मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारात माझी मुळं आहेत: गुण द्यायचे ते कृतीला, माणसाला नाहीत. ‘कसं वाटलं?’ विचारलं की समोरच्याला माणसालाच गुण द्यावे लागतात. मग एरवी तोंडावर बोलणारा कोल्हापूरकरही ‘छान’ म्हणून सुटतो.

म्हणून प्रश्न एकच, आणि जागा दाखवून. फोटो दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश बंद, मोबाइल कागदाला समांतर. एक पूर्ण चित्राचा, एक अडलेल्या जागेचा जवळून. सोबत कागद किती जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम; जास्त तितका जाड), कोणते रंग, आणि रंगाचा दुसरा हात दिला तेव्हा पहिला ओला होता की वाळलेला, हे लिहायचं. ही माहिती नसेल तर जाणकारही अंदाजानंच बोलतो. उत्तरं उलटसुलट आली तर वाद घालू नये. दोन्ही उपाय पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यांवर करून बघावेत. आणि सुधारलेला तुकडा त्याच प्रश्नाखाली टाकावा. हे बहुतेक जण विसरतात, म्हणून सांगणारेही पुढं सांगेनासे होतात.

ताईंनी प्रतिबिंबाचा प्रश्न असा टाकला, तेव्हा तीन कामाची उत्तरं आली. गडद दगडाचं प्रतिबिंब दगडापेक्षा किंचित फिकं हवं. त्यांनी दोन्हीकडं एकच छटा लावली होती. कडा ओल्यातच मऊ करायच्या, वाळल्यावर एकदोन आडवे फटकारे पुरेत. आणि पाण्यावर फुलकोबीसारखे डाग पडले होते, ते कागदाची चमक गेल्यावर, पण तो ओलसर असतानाच, जास्त पाण्याचा ब्रश टेकवल्यामुळं. एक तर चमक असताना रंग सोडायचा, नाही तर बोटांची मागची बाजू लावून कागद गार लागत नाही ना, ते बघायचं.

वहीचा कागद १२० जीएसएमचा निघाला. तो फुगून खळगा व्हायचा आणि पाणी नेमकं मठाखाली साचायचं. त्यांनी ३०० जीएसएमचा एक ए-फोर कागद कापून चार तुकडे केले. तिसऱ्या तुकड्यावर मठ पाण्यात उतरला. चौथा त्यांनी बिघडवला आणि तोही ग्रुपवर टाकला, प्रश्नासकट.