गांजाची चाचणी-प्रयोगशाळा: पदवी, यंत्रे आणि परवाना

या वेळचे बहुतेक प्रश्न कॅलिफोर्नियातून आले आहेत; तेथे परवानाधारक गांजा चाचणीनंतरच दुकानात विकता येतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असल्यामुळे पहिली चार उत्तरे त्याच राज्याच्या संदर्भात वाचावीत.

प्रश्न : पुण्यातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी औषध कंपनीच्या गुणवत्ता-नियंत्रण विभागात पाच वर्षे काम केले आहे. प्रयोगशाळेचा पर्यवेक्षक होण्यास हे पुरेसे आहे का? (सॅन होजे)

कागदोपत्री पुरेसे आहे. पर्यवेक्षकाकडे रसायन, जीव, कृषी, पर्यावरण किंवा तत्सम शास्त्रातील डॉक्टरेट असावी, अथवा पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, अथवा पदवी आणि चार वर्षांचा अनुभव असावा, अशी तेथील अट आहे. भारतीय पदवीचे समकक्षता-मूल्यांकन मात्र अर्जापूर्वीच करून घ्यावे. खरी अडचण पुढे येते. औषधाच्या गोळीतील घटक आपल्याला आधीच ठाऊक असतात. गांजाचे फूल राळेने चिकट असते, आणि त्याच दिवशी टेबलावर चॉकलेट, गमी व तेलही येते. प्रत्येक प्रकारासाठी पद्धत नव्याने पडताळून तिची नोंद ठेवावी लागते. माझ्या मते अशी पडताळणी स्वतः केलेला बी.एस्सी. माणूस ती न केलेल्या डॉक्टरेटधारकापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

प्रश्न : कोणती यंत्रे घ्यावी लागतील? सुरुवात एकाच यंत्राने करता येईल का? (सॅक्रामेंटो)

एका यंत्राने भागणार नाही, कारण राज्याने ठरवलेल्या सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झाल्याशिवाय मालाचा गट (बॅच) दुकानात जात नाही.

टीएचसी (गांजातील नशा आणणारा घटक) आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) मोजण्यासाठी एचपीएलसी, म्हणजे द्रवात विरघळलेले घटक न तापवता वेगळे करून मोजणारे यंत्र लागते. नमुना तापवून वायुरूपात घटक वेगळे करणारा गॅस क्रोमॅटोग्राफ स्वस्त मिळतो म्हणून तेवढ्यावर काम भागवण्याचा मोह होतो. परंतु ताज्या फुलात टीएचसी बहुतांशी टीएचसीए या आम्लाच्या रूपात असते आणि त्या यंत्राच्या तप्त मुखाशी त्या आम्लाचे विघटन होऊन मूळ प्रमाण कळेनासे होते. एचपीएलसीवर दोन्ही वेगवेगळे दिसतात. मग टीएचसीएला ०.८७७ ने गुणून त्यात टीएचसी मिळवले की एकूण आकडा मिळतो. हा गुणक म्हणजे दोन्ही रेणूंच्या वस्तुमानांचे गुणोत्तर होय.

सर्वांत महाग बाब कीटकनाशकांची. यादीत ६६ कीटकनाशके आहेत आणि त्यांतील २१ मालात मुळीच आढळता कामा नयेत. त्यांच्यासाठी प्रतिग्रॅम ०.१ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी प्रमाण खात्रीने मोजता यावे लागते, म्हणून द्रवातून वेगळे केलेले घटक रेणूंच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या एलसी-एमएस/एमएसला पर्याय नाही. क्लोरडेनसारखी काही द्रव्ये त्यावरही नीट आयनित (विद्युतभारित) होत नाहीत. त्यांच्यासाठी बहुतेक ठिकाणी जीसी-एमएस/एमएस, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफला जोडलेले तसेच यंत्र, ठेवतात. अफ्लाटॉक्सिन आणि ऑक्राटॉक्सिन ही बुरशीजन्य विषे मात्र त्याच एलसी-एमएस/एमएसवर मोजता येतात. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक व पारा यांच्यासाठी धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणारे आयसीपी-एमएस आणि नमुना आम्लात विरघळवणारे मायक्रोवेव्ह यंत्र, तर अवशिष्ट (अर्क काढल्यावर मालात उरलेल्या) द्रावकांसाठी हेडस्पेस (नमुन्यावरची वाफ घेणारा भाग) जोडलेला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. ॲस्परजिलस बुरशीच्या चार जाती, साल्मोनेला आणि शिगा विष निर्माण करणारे ई. कोलाय शोधण्यासाठी बहुतेक जण डीएनएवरून जंतू ओळखणारे क्यूपीसीआर वापरतात, कारण बुरशीच्या जाती केवळ संवर्धनाच्या बशीवर नेमक्या ओळखणे कठीण असते. जलक्रियता-मापक (मालातील मोकळे पाणी मोजणारा), सूक्ष्मदर्शक, अचूक काटा आणि फ्रीजर ही किरकोळ यादी झाली.

एकेका मास-स्पेक्ट्रोमीटरला (नावात ‘एमएस’ असलेल्या यंत्राला) काही लाख डॉलर पडतात. पण अंदाजपत्रक कोलमडते ते वार्षिक देखभाल-करार, आर्गॉन व नायट्रोजन आणि मानक द्रावणांच्या (तुलनेसाठी लागणाऱ्या ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांच्या) खर्चाने. विक्रेता हा विषय शेवटी काढतो. आपण तो पहिल्या भेटीतच काढावा.

प्रश्न : माझ्या मेहुण्याची परवानाधारक गांजाची शेती आहे. प्रयोगशाळेत त्याला भागीदार करू का? (फ्रेस्नो)

करू नये. ज्याच्याकडे चाचणी-प्रयोगशाळेचा परवाना आहे, त्याला या उद्योगातील अन्य कोणताही परवाना किंवा त्यात हितसंबंध ठेवता येत नाही. नमुनाही शेतकऱ्याने आणून द्यायचा नसतो; प्रयोगशाळेचा माणूस वितरकाच्या गोदामात जाऊन, चित्रीकरण चालू असताना तो घेतो. ५० पौंडांच्या गटातून किमान ०.३५ टक्के, म्हणजे सुमारे ७९ ग्रॅम माल घ्यावा लागतो. इतकी काळजी घेण्याचे कारण सरळ आहे: चाचणीचे पैसे मालवालाच देतो आणि टीएचसीचा आकडा जितका मोठा, तितका भाव चांगला मिळतो. हव्या त्या आकड्यासाठी दारोदार फिरणारे ग्राहक आपल्याही दारात येतील. याला आळा घालण्यासाठीच राज्याने २०२४ पासून सुक्या फुलाच्या चाचणीला एकच प्रमाणित पद्धत बंधनकारक केली. याशिवाय चाचणी-प्रयोगशाळांसाठीचे आयएसओ/आयईसी १७०२५ मानांकन आवश्यक आहे.

प्रश्न : मी ग्रीन कार्डधारक आहे. अशा प्रयोगशाळेतील नोकरीमुळे नागरिकत्वाला बाधा येईल का? (सॅन दिएगो)

येऊ शकते. राज्याने परवानगी दिली तरी संघराज्याच्या कायद्यात गांजा नियंत्रित पदार्थच आहे, आणि राज्यात कायदेशीर असलेल्या या उद्योगातील नोकरीमुळेही अर्जदाराच्या ‘सद्वर्तना’ला बाधा येऊ शकते, असे नागरिकत्व विभागाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले होते. एच-वन-बी व्हिसावरील वाचकांनाही धोका आहेच. सही करण्यापूर्वी स्थलांतर-कायद्याच्या वकिलाला भेटावे. नोकरी देणाऱ्या कंपनीच्या वकिलाचे मत पुरेसे समजू नये.

प्रश्न : नाशिकमध्ये अशी प्रयोगशाळा काढता येईल का? (नाशिक)

गांजासाठी नाही. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यामुळे गांजाचा खुला बाजारच नाही, आणि जप्त मालाची तपासणी सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळांत होते. भांगेच्या बियांच्या खाद्यपदार्थांना मात्र वाव आहे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली बियांसाठी एकूण टीएचसीची मर्यादा प्रतिकिलो ५ मिलिग्रॅम आणि बियांच्या तेलासाठी १० मिलिग्रॅम ठरवली. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे मंडळ) मानांकन असलेल्या आणि एचपीएलसी व एलसी-एमएस/एमएस आधीच बाळगणाऱ्या अन्न-प्रयोगशाळेला हे काम जोडून घेणे, निव्वळ त्यासाठी नवी प्रयोगशाळा उभारण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. टीएचसीचे मानक द्रावण परदेशातून मागवण्याआधी ग्वाल्हेरच्या केंद्रीय अमली पदार्थ ब्युरोकडे परवानगीबाबत विचारणा करावी.