जकात म्हणजे नेमकं काय? ती द्यावीच लागते का?

जकात म्हणजे मुसलमानाने आपल्या संपत्तीतून दरवर्षी गरजूंसाठी द्यायचा ठरावीक हिस्सा. आणि हो, ऐपत असेल तर ती द्यावीच लागते. नमाज आणि रोजासारखंच जकात हेही इस्लाममधलं फर्ज, म्हणजे बंधनकारक कर्तव्य आहे. मुळाशी श्रद्धा अशी की संपत्तीचा खरा मालक अल्लाह. आपल्याकडे ती अमानत आहे आणि कयामतच्या दिवशी तिचा हिशोब द्यायचाय. म्हणून देणाऱ्याने उपकाराची भाषा करायची नाही. श्रीमंताच्या मालात गरिबाचा हक्क आहे, असं कुराणच सांगतं.

भारतात सहसा धरला जाणारा हिशोब असा: देणी वजा जाता ७.५ तोळे सोनं किंवा ५२.५ तोळे चांदीच्या किमतीइतकी संपत्ती चांद्रवर्षभर राहिली, तर तिच्या २.५ टक्के जकात. राहतं घर धरत नाहीत, दुकानातला विक्रीचा माल धरतात. वापरातल्या दागिन्यांवर हनफी मतानुसार जकात लागते (हनफी आणि शाफई या सुन्नी इस्लाममधल्या धर्मनियमांच्या दोन परंपरा). शाफई मतानुसार (कोकणी मुसलमान बहुतेक शाफई) बायकांच्या नेहमीच्या दागिन्यांवर सहसा नाही.

आईवडिलांना आणि मुलांना जकात देता येत नाही, त्यांना सांभाळणं तसंही कर्तव्यच. गरजू भावाबहिणीला मात्र देता येते, आणि नियमांतला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. बरेच जण रमजानमध्ये देतात, पण तशी सक्ती नाही.